खुंटा आणि भिंती: एकाच चालीवरची दोन निषेधगीते

कलापथकासाठी हुकूमशाहीविरोधातील एखादे परदेशी गीत मराठीत आणू पाहणाऱ्यांनी 'लेस्ताका' आणि 'मुरी' ही दोन गीते शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींची चाल एकच असली, तरी त्यांत सत्ता आणि भीती यांची चित्रे अगदी वेगळी आहेत.

'लेस्ताका' म्हणजे खुंटा. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट असताना ल्युईस ल्याक यांनी १९६८ मध्ये, त्या राजवटीने दडपलेल्या कातालान भाषेतच हे गीत लिहिले. दारात बसलेला सिझेत आजोबा तरुणाला सांगतो की आपण सारे एकाच खुंट्याला बांधलेले आहोत, तो आतून कुजलेला आहे आणि दोन्ही बाजूंनी ओढला तर पडेल. दावणीला बांधलेले जनावर पाहिलेल्या मराठी श्रोत्याला ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. भीती येथे थकव्याच्या रूपाने येते: ओढून ओढून हाताची सालटी निघतात, आणि अंगातले बळ सरू लागते तसा खुंटा अधिकच मोठा होत गेल्यासारखा वाटतो. दडपशाहीचे इतके खरे वर्णन घोषणांनी भरलेल्या गीतांत क्वचितच आढळते. शेवटी आजोबा राहत नाहीत, पण तरुण त्याच दारात उभा राहून पुढच्या मुलांना तेच गाणे ऐकवतो.

'मुरी' म्हणजे भिंती. पोलंडच्या यात्सेक काचमार्स्की यांनी १९७८ मध्ये ल्याक यांची चाल घेतली, पण शब्दांचे भाषांतर केले नाही. त्यांच्या गीतात एक तरुण गायक गातो, लोक त्याच्यामागे गाऊ लागतात आणि भिंती पडणार असा विश्वास जागतो. मात्र अखेरीस जमाव पुतळे पाडत निघतो, एकटा असलेल्यालाच सर्वांत मोठा शत्रू ठरवतो, आणि एकाकी पडलेल्या गायकासमोर भिंती पुन्हा वाढत जातात. सत्ता फक्त राजवाड्यात नसते, ती गर्दीच्या तोंडीही येऊन बसते, ही या गीताची खरी भीती आहे. १९८० नंतर पोलंडमधील कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या 'सॉलिडॅरिटी' या कामगार चळवळीने मात्र ते आशेचे गीत म्हणूनच उचलून धरले.

रस्त्यावर, सभेत, पहिल्यांदाच एकत्र येणाऱ्या लोकांसोबत गायचे असेल, तर मी निःसंकोचपणे 'लेस्ताका' सुचवेन. तिचे ध्रुवपद एका क्रियापदाच्या तिहेरी आवर्तनावर उभे आहे आणि मराठीतील 'पडेल, पडेल, पडेल' तेथे सहज बसते. 'मुरी' बंद सभागृहात, गायनानंतर चर्चेला वेळ असेल तेव्हा घ्यावे. त्यासाठी 'पडती' आणि 'चढती' ही यमकाची जोडी उपयोगी पडेल, कारण मुळातही शेवटच्या ध्रुवपदात भिंती पडण्याच्या जागी वाढण्याचे क्रियापद येते. वेळ कमी आहे म्हणून शेवटचे कडवे गाळावे लागणार असेल, तर 'मुरी' निवडूच नये.