विंडोज अपडेटच्या नावाखाली माझे ४२,९९९ रुपये गेले, कृपया पूर्ण वाचा

मी सांगलीला असते. घरून दोन हाउसिंग सोसायट्यांचे हिशोब लिहिते त्यामुळे कॉम्प्युटर रोज लागतो. २०१६ ला घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १० वाला. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे फुकट सिक्युरिटी अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार असा मेसेज त्यावर बरेच दिवस यायचा आणि मी प्रत्येक वेळी नंतर बघू म्हणून बंद करायचे. तारीख उलटून गेली. मग नोव्हेंबरमधे नात्यातल्या एकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की जुन्या विंडोजमधे आता हॅकर घुसणार, आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण लोकांच्या मेंटेनन्सचा सगळा हिशोब या एकाच मशीनवर.

हे मुद्दाम सांगतेय. सपोर्ट संपला होता ही गोष्ट खरीच होती. म्हणून पुढचं खोटं मला खरं वाटलं.

दुपारी साडेबाराच्या सुमाराला मी सर्चमधे विंडोज टेन अपडेट असं टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं. ती जाहिरात होती हे नंतर कळलं, वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण आपण कुठे वाचतो. क्लिक केल्याबरोबर पूर्ण स्क्रीन निळी, मोठ्यांदा सायरन, आणि एक बाई इंग्लिशमधे बोलायला लागली की तुमचा कॉम्प्युटर लॉक केलाय, बंद केलात तर डेटा जाईल, खालच्या नंबरवर फोन करा. माउस हलवून बघितला, बंद करायची फुलीच कुठे दिसेना. घरात मी एकटी. फोन लावला.

समोरचा माणूस आधी हिंदीत बोलला, मी सांगली म्हणल्यावर लगेच चांगल्या मराठीत, ताई घाबरू नका, मी आहे. त्याने विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायला लावलं आणि काही अक्षरं टाइप करायला लावली. इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडली. त्यात लाल गोळे आणि पिवळे त्रिकोण, ओळीच्या ओळी. किती आकडा दिसतोय ताई, वाचा, म्हणाला. हजाराच्या वर होता. तो म्हणाला, हे सगळे व्हायरस, अपडेट न केल्यामुळे आत आले. खरं सांगायचं तर ती कॉम्प्युटरची स्वतःची नोंदवही आहे, बारीकसारीक काही अडलं की त्यात एरर म्हणून लिहिलं जातं. नंतर मुलीच्या मैत्रिणीच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर आम्ही तेच उघडून बघितलं, तिथेही लाल गोळे होतेच. तुम्ही आज आपल्या घरी उघडून बघा, म्हणजे उद्या कुणी दाखवलं तर छातीत धस्स होणार नाही.

मग त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं ज्याने माझी स्क्रीन त्याला दिसायला लागली आणि माउस आपोआप फिरायला लागला. तीन वर्षांचं सिक्युरिटी अपडेट ४,९९९ रुपये म्हणाला. यूपीआयने दिले. पैसे घेणाऱ्याच्या जागी एका साध्या माणसाचं नाव आलं, कंपनीचं नाही, मी विचारलं तर म्हणाला ते आमचे अकाउंटवाले. मग म्हणाला पेमेंट अडकलंय, नेट बँकिंग उघडून बघू. मी लॉगिन केलं आणि स्क्रीन काळी झाली, मधोमध पांढऱ्या अक्षरात अपडेट चालू आहे, टक्के वाढतायत. हात लावू नका ताई, मोबाइलवर कोड येईल तो अपडेटचा आहे, तेवढा सांगा. मी सहा आकडे सांगितले. परत एक आला, तोही सांगितला. त्या मेसेजमधे नवीन खातं जोडण्यासाठी असं स्पष्ट लिहिलेलं होतं पण मी फक्त आकडेच बघितले. काळ्या स्क्रीनच्या मागे तो माझ्या खात्यात बसला होता. ३८,००० गेल्याचा मेसेज आला तेव्हाही तो म्हणत होता की हे टेस्टिंग आहे, पाच मिनिटात परत येतील.

तेवढ्यात मुलगी क्लासवरून आली, एक नजर टाकली आणि राउटरचं बटणच बंद केलं. तिनेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, मी दुसऱ्या फोनवरून बँकेला, खातं गोठवलं. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली. साधारण पाऊण तासात हे सगळं झालं म्हणून ३८,००० पैकी ११,००० पुढच्या खात्यात अडकवता आले असं पोलीस म्हणाले, ते अजून माझ्या हातात आलेले नाहीत. बाकीचे पुढे कुठे गेले माहीत नाही. बँकेत साहेबांनी रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम दाखवला, ओटीपी आपण स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेपोटी संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं नाही, एकेक मिनिट मोजायचं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाल्या दादाकडे मशीन नेलं. त्याने सगळं फॉरमॅट केलं, पासवर्ड मी मोबाइलवरून बदलले. आणि मग त्याने जे दाखवलं त्याने मला रडू आलं. सेटिंग्जमधे अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज अपडेट, तिथेच एनरोल करायची लिंक होती. जुन्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट देतात, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकट, नाहीतर ३० डॉलर. पाच मिनिटाचं काम. माझं मशीन विंडोज ११ ला चालत नाही, प्रोसेसर जुना आहे, म्हणून वर्षभरात नवीन घ्यावं लागेल, पण ते सवडीने.

खरं अपडेट त्या सेटिंग्जमधूनच येतं. ब्राउझरचंही त्याच्या स्वतःच्या मेनूत, हेल्पमधे असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमधे फोन नंबर कधीच नसतो, नंबर दिसला की तो माणूस चोर. आणि तशी स्क्रीन आलीच तर एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा, नाहीच गेली तर कंट्रोल अल्ट डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, परत उघडल्यावर जुनी पानं परत आणू का विचारेल त्याला नाही म्हणा. कॉम्प्युटर लॉक वगैरे काही झालेला नसतो, ते नुसतं एक पान असतं.

गेल्या गुरुवारी परत एक फोन आला. बाईचा आवाज, माझं नाव घेऊन, तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, २,५०० प्रोसेसिंग फी भरा. तक्रारीतला आकडासुद्धा बरोबर सांगितला तिने. मी काही न बोलता फोन ठेवला, नंबर लिहून घेतला आणि पोलिसांना नेऊन दिला. त्यांनी सांगितलं की पैसे परत मिळवायला पोलीस कुणाकडून फी घेत नाहीत, एकदा फसलेल्यांचे नंबर ही टोळी पुढे विकते, अजून फोन येतील.