कॉर्डलेस एक, लाइनी दोन : घरच्या फोनसाठी नक्की काय घ्यावं?

फोन घ्यायला निघण्याआधी घरातला इंटरनेटचा डबा उचला आणि त्याची मागची बाजू बघा. लॅनच्या पोर्टांशेजारी, म्हणजे इंटरनेटची वायर खोचायच्या भोकांशेजारी, एक जरा अरुंद भोक असतं. त्यावर ‘फोन’, ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ असं काहीतरी छापलेलं असतं, आणि बरेचदा त्यात कधी काही खोचलेलंच नसतं. कोणता फोन घ्यायचा हे निम्मं त्या भोकावरूनच ठरतं. मला हे कळायला एक वर्ष गेलं.

आमची आई वाईला एकटी असते. मोबाइल आहे, पण स्क्रीनवर बोट सरकवून फोन उचलणं तिला जमत नाही. तिला बटणं लागतात, कानाला लावायला नीट हँडसेट लागतो आणि ओटीवरून माजघरापर्यंत ऐकू जाईल अशी घंटी लागते. दादा जर्मनीत. त्याने तिथून एक कॉर्डलेस आणला, ज्याच्या बेसमध्ये, म्हणजे हँडसेट ज्याच्याशी जोडलेला असतो त्या ठोकळ्यात, दोन वायरी जातात. एक लँडलाइनची, दुसरी राउटरची. हँडसेट एकच, फोनवही एकच, पण कॉल कोणत्या वाटेने जाईल ते आपण ठरवायचं. कल्पना मला फार आवडली आणि आजही आवडते. मात्र तिच्यासोबत काय काय सांभाळावं लागतं, ते घेण्याआधी कळलेलं बरं.

दोन्ही वाटांचा फोन

या प्रकारात सर्वांत जास्त दिसणारं नाव गिगासेट. ही पूर्वी सीमेन्सची घरगुती फोनांची शाखा होती; २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०२४ मध्ये व्हीटेकने तिचा व्यवसाय विकत घेतला. तिचे सी५३० आयपी किंवा एन३००ए आयपी हे बेस या कल्पनेचे चांगले नमुने आहेत. एक साधी लँडलाइन, सहापर्यंत इंटरनेट खाती, सहापर्यंत हँडसेट. एकाच वेळी दोन कॉल इंटरनेटवरून आणि एक लँडलाइनवरून चालू शकतो. म्हणजे आई मावशीशी लँडलाइनवर बोलत असताना दादाचा इंटरनेटवरचा फोन दुसऱ्या हँडसेटवर वाजतो. मोठ्या घरात ही सोय फार उपयोगी पडते.

बेसच्या सेटिंगमध्ये डायलिंग प्लॅन असतो. अमुक आकड्याने सुरू होणारा नंबर इंटरनेटवरून, बाकी लँडलाइनवरून, असं एकदा भरून ठेवलं की आईला काही लक्षात ठेवावं लागत नाही. ११२ मात्र कायम लँडलाइनकडेच लावून ठेवा. परदेशातल्या कंपनीच्या इंटरनेट खात्यावरून ११२ लागेल आणि समोरच्याला आपला पत्ता कळेल, यावर विसंबू नका.

या फोनचा मला सर्वांत पटलेला फायदा आवाजाचा आहे. जुन्या लँडलाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. स, श, फ यांचा खरा फरक त्याच्या वरच्या पट्टीत असतो. म्हणून लँडलाइनवर ‘सळ’ की ‘फळ’ हे संदर्भावरून ओळखावं लागतं, कानाने नाही. कान थोडे मंदावलेल्या माणसाला हे आणखी जड जातं. दोन्ही टोकांना जी.७२२ हा कोडेक (आवाजाचं डेटात रूपांतर करायची पद्धत) चालणारे फोन असतील तर ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचतो. दादाने आपल्या घरी तसाच फोन लावला, दोघांनी एका मोफत सेवेवर एसआयपी खाती (इंटरनेटवरून फोन करायची खाती) काढली, आणि पहिल्याच कॉलला आई म्हणाली, “अरे, तू शेजारच्या खोलीतून बोलतोयस असं वाटतंय.” तिने त्या दिवशी एकदाही “काय? काय म्हणालास?” असं विचारलं नाही.

आता अडचणी. पहिली, हा फोन इंटरनेटला जोडला की लगेच इंटरनेटवरून कॉल लागतात असं नाही. त्याला एसआयपी खातं लागतं, म्हणजे सर्व्हरचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड. आपल्या ब्रॉडबँडसोबत जो फोन नंबर मिळतो त्याचे हे तपशील बहुतेक कंपन्या ग्राहकाच्या हाती देत नाहीत. ते त्यांच्याच डब्यात किंवा त्यांच्याच ॲपमध्ये भरलेले असतात. फोन मागवण्याआधी कंपनीला फोन करून हा एकच प्रश्न विचारा. नाही म्हणाले तर इंटरनेटची बाजू फक्त दादासारख्या दुसऱ्या एसआयपी फोनशी बोलायला उरते.

दुसरी अडचण कायद्याची. युरोपातल्या जाहिरातीत ‘इंटरनेटवरून स्वस्तात कुठेही फोन करा’ असं लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली, पण देशातल्या साध्या फोन-मोबाइलवर इंटरनेटवरून कॉल उतरवायची वाट परवानाधारक कंपन्यांसाठी मोकळी झाली ती २०१८ मध्ये. मधल्या काळात, १० नोव्हेंबर २०१४ पासून, स्काइपनेही भारतातल्या भारतात मोबाइल आणि लँडलाइनला कॉल करण्याची सोय बंद केली होती. त्यामुळे नंबर हवा असेल तर तो इथल्या परवानाधारक कंपनीचाच घ्या. आणि बाहेरून आलेला इंटरनेट कॉल घरच्या लँडलाइनवरून पुढे दुसऱ्या नंबरला वळवायची सोय ज्या यंत्रात असते, ती बंदच ठेवा. परवान्याशिवाय अशी जोडणी करणं बेकायदा आहे.

तिसरी अडचण बारीक आहे, पण त्रास देते. आमच्याकडे घंटी वाजायची, आई उचलायची, तिला दादा ऐकू यायचा आणि दादाला ती नाही. चार दिवस आम्ही हँडसेटला दोष दिला. दोष राउटरमध्ये होता. ‘एसआयपी एएलजी’ नावाची एक सेटिंग बऱ्याच राउटरांत आधीच चालू असते आणि ती मदत करण्याऐवजी कॉलचे पत्ते बिघडवते. ती बंद केली आणि आवाज दोन्हीकडून सुरू झाला. हे घरातल्या कुणाला तरी करता आलं पाहिजे, नाहीतर हा फोन घेऊ नका.

आणि कॉलर आयडी. आपल्याकडच्या अनेक लँडलाइनींवर नंबर डीटीएमएफ पद्धतीने, म्हणजे बटणं दाबताना वाजतात तशा सुरांतून, येतो. युरोपासाठी बनवलेल्या फोनवर तो दिसेलच असं नाही. आईच्या फोनवर लँडलाइनचा एकही नंबर उमटला नाही. फोन कुणाचा हे न बघता उचलावा लागणं म्हाताऱ्या माणसाला सुरक्षित नाही. फसवणुकीचे फोन लँडलाइनवरही येतात.

साधा कॉर्डलेस आणि डब्यातलं ते भोक

पुढच्या पावसाळ्यात आमची तांब्याची लाइन खरखरायला लागली. मग रस्त्याच्या कामात केबल तुटली आणि फोन कायमचा गेला. लाइनमन म्हणाला, “ताई, आता फायबरच घ्या, जुनी केबल कुणी जोडणार नाही.” फायबर आलं, जुना नंबरही त्यावर घेता आला, आणि तेव्हा मी पहिल्यांदा डब्याची मागची बाजू नीट बघितली.

तिथल्या त्या भोकातून येणारा फोन मुळातच इंटरनेटचा असतो. आवाजाचं डेटात रूपांतर तो डबाच करतो आणि आपल्या बाजूला नेहमीसारखी डायलटोन देतो. त्यात दुकानातला कुठलाही साधा कॉर्डलेस खोचा, चालू होतो. पॅनासॉनिक, बीटेल, जे मिळेल ते. ना खातं भरायचं, ना राउटरशी झगडायचं. कॉलर आयडी दिसतो, कारण फोन इथल्याच बाजारासाठी बनलेला असतो. बिघडला तर तालुक्याच्या गावात दुसरा मिळतो. मोबाइल लावताना आधी शून्य लावायचा हा १५ जानेवारी २०२१ पासूनचा लँडलाइनचा नियम तेवढा आईला सांगून ठेवा, आणि फोनवहीत नंबर शून्यासकटच भरा.

माझं स्पष्ट मत असं की ज्यांच्या घरी फायबर आहे आणि त्यासोबत नंबर मिळतो, त्यांनी हाच मार्ग धरावा. दोन वाटांच्या फोनची लँडलाइन बाजू या घरात डब्याच्या भोकालाच जोडायची असते. म्हणजे दोन्ही वायरी एकाच डब्यात जातात आणि तो बंद पडला की दोन्ही वाटा बंद. दोन लाइनी असल्याचा जो आधार वाटतो, तो तिथे उरतच नाही.

गमवावी लागते ती आवाजाची गोडी. डब्यापासून साध्या फोनपर्यंत आवाज पुन्हा त्याच जुन्या अरुंद पट्टीतून येतो. आईने हे लगेच ओळखलं. म्हणून आम्ही जर्मन फोन काढून टाकला नाही. तो फक्त दादासाठी ठेवला, आणि बाकी सगळ्यांसाठी साधा कॉर्डलेस आणला. तांब्याची लाइन ज्यांच्याकडे अजून धडधाकट आहे आणि परदेशात रोज बोलणारं जवळचं माणूस आहे, त्यांच्या घरात मात्र दोन वाटांचा एकच फोन खरोखर शोभतो.

मधला मार्ग : छोटी डबी

घरातला जुना कॉर्डलेस चांगला चालतोय आणि फक्त इंटरनेटची बाजू जोडायची आहे, तर एटीए नावाची काडेपेटीहून थोडी मोठी डबी मिळते. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी८०१ला एका फोनची जागा आहे, एचटी८०२ला दोन. एचटी८१३ला एक फोनची आणि एक लँडलाइनची, आणि तिची एक गोष्ट मला फार आवडते : वीज गेली की ती आतल्या आत फोन थेट लँडलाइनला जोडून देते. अर्थात त्या वेळी जोडलेला फोन वायरचा हवा, कारण कॉर्डलेसचा बेस विजेशिवाय मुका असतो. एसआयपी खात्याची अट इथेही तीच.

पॅनासॉनिक केएक्स-टीजीपी६००, यीलिंक डब्ल्यू७३पी, ग्रँडस्ट्रीम डीपी७५० हे कॉर्डलेस दिसायला सारखेच, पण त्यांना लँडलाइनची जागाच नाही. दवाखाना, वकिलाचं ऑफिस, होमस्टे अशा ठिकाणी उत्तम. घरासाठी गरज नाही. जुन्या बाजारात किंवा माळ्यावर स्काइप आणि लँडलाइन दोन्ही चालणारे कॉर्डलेस अजून सापडतात. ते घेऊ नका. स्काइप ५ मे २०२५ला बंद झालं.

अमेरिकेतून आणू नका

हे वेगळं सांगावंसं वाटतं, कारण अनेक घरांत मुलं प्रेमाने तिथून फोन आणतात. युरोपातले डीईसीटी (बेस आणि हँडसेट यांना जोडणारी बिनतारी पद्धत) कॉर्डलेस १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतात. अमेरिकेतले ‘डीईसीटी ६.०’ लिहिलेले १९२० ते १९३० वर. आपल्याकडे १९२० पासून पुढचा पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे. असा फोन इथे लावणं म्हणजे शेजारपाजारच्या मोबाइल सेवेत ढवळाढवळ. डीईसीटीचा वायफायशी झगडा नसतो, पण २.४ गिगाहर्ट्झवाला कॉर्डलेस घेतलात तर बेस आणि राउटर यांत चार-पाच हात अंतर ठेवा.

वीज

जुना वायरचा फोन लाइट गेल्यावरही चालायचा, कारण त्याला एक्स्चेंजमधून तांब्याच्या तारेवरच सुमारे ४८ व्होल्ट मिळायचे. कॉर्डलेस, फायबरचा डबा, राउटर यांना घरची वीज लागते. त्यामुळे वर सांगितलेल्या कुठल्याही पर्यायात फोनवर जेवढे पैसे घालाल, त्यातले थोडे बॅकअपसाठी बाजूला काढा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. डब्याच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या, आणि कॉर्डलेसच्या बेसचा ॲडॉप्टर बरेचदा वेगळ्या व्होल्टचा असतो हे लक्षात ठेवा. त्याला इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्यावं लागतं. आम्ही आधी फक्त राउटर यूपीएसवर टाकला होता. लाइट गेली, इंटरनेट चालू, आणि फोन बंद.

एवढं करूनही लहान गावात एक गोष्ट आपल्या हातात नसते. फायबरचं पुढचं यंत्र कधीकधी केबलवाल्याच्या दुकानात असतं. त्याची बॅटरी संपली की आपल्या घरी सगळं चालू असून फोन लागत नाही. कनेक्शन घेतानाच त्याला विचारा : लाइट गेली तर तुमच्याकडे किती तास चालतं?

हँडसेटमध्ये बहुतेक ठिकाणी दोन ट्रिपल-ए चार्ज होणारे सेल असतात, १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड. ते दमले की किराणा दुकानातले साधे १.५ व्होल्टचे सेल त्यात कधीही घालू नका; बेसवर ठेवल्यावर ते चार्ज व्हायला लागतात, गळतात, फुटूही शकतात. आईच्या खणात जुळणाऱ्या सेलची एक जोडी आहे, आणि चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलंय : ‘फोनचे. घड्याळाला नाही.’