भाड्याच्या घरासाठी फरशी: व्हिट्रिफाइड, एसपीसी, लॅमिनेट की दगड?

भाड्याने द्यायच्या घराची फरशी निवडताना पहिला प्रश्न असतो, कुठली जास्त टिकेल? माझ्या मते त्याच्याही आधी विचारायला हवं, की एक तुकडा खराब झाला तर तेवढाच बदलता येईल का? भाड्याच्या घरात सामान वारंवार आत-बाहेर होतं, फ्रिज आणि कपाटं जमिनीवरून ओढली जातात. कुठली ना कुठली फरशी दुखावणारच. दुरुस्ती लांबली तर घर रिकामं राहतं आणि तेवढ्या दिवसांचं भाडं बुडतं.

या कसोटीवर माझी पहिली पसंती व्हिट्रिफाइड टाइलला, म्हणजे उच्च तापमानात भाजून काचेसारखी घट्ट केलेल्या टाइलला. ती वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते, त्यामुळे सांडलेलं काही आत मुरत नाही. पण दुकानात नुसतं 'व्हिट्रिफाइड द्या' म्हणू नका, कारण त्यात प्रकार आहेत. ग्लेझ्ड टाइलचं सुंदर डिझाइन वरच्या पातळ थरात छापलेलं असतं. त्यावर जड पातेलं पडून टवका उडाला की आतला वेगळा रंग डोळ्यांत भरतो. डबल चार्जमध्ये रंगाचा थर साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाड असतो, तर फुल बॉडी टाइल वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची असते. या दोन्हींमध्ये छोटा टवका सहज लपतो. भाड्याच्या घराच्या हॉलला आणि पॅसेजला मी यांतलीच घेईन. ग्लेझ्डच घ्यायची झाली तर निदान पीईआय ४ दर्जाची घ्यावी (पीईआय म्हणजे टाइल किती झीज सोसते याचं माप).

टाइल कशी बसवली आहे यावर तिचं निम्मं आयुष्य अवलंबून असतं. काही कारागीर खाली सिमेंटचे चार-पाच गोळे ठेवून वरून टाइल दाबतात. कोपऱ्यांखाली मग पोकळी राहते आणि नेमका कोपराच फुटतो. काम चालू असतानाच लाकडी दांड्याने प्रत्येक टाइलचे चारही कोपरे ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती टाइल तिथल्या तिथे काढून पुन्हा बसवून घ्या. मोठ्या टाइलचा मोह टाळा. ६०० बाय ६०० मिलिमीटरची एक फुटली तर बदलायचं काम थोडक्यात आटपतं. सांधा २-३ मिलिमीटरचा ठेवला की शेजारच्या टाइलला धक्का न लावता फुटकी काढता येते. स्वयंपाकघरात सांध्यांना इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा मसाला) भरा. सिमेंटचा ग्राउट तेल-हळदीने डागाळतो आणि कितीही घासला तरी पूर्ववत होत नाही. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये मॅट फिनिशच हवं, चकचकीत टाइलवर ओला पाय सटकतो.

जुनी फरशी फोडायची नसेल तर एसपीसीचा विचार जरूर करा. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांपासून केलेल्या, साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीच्या या पट्ट्या खाचेत खाच अडकवून जुन्या फरशीवरच बसतात. तोडफोड नाही, धूळ नाही. पाण्याने पट्टी फुगत नाही. मात्र वरचा पारदर्शक थर ०.५ मिलिमीटरचा मागा. ०.३ चा थर कमी वर्दळीच्या खोलीपुरता ठीक. खालची जमीन सपाट नसेल तर चालताना पट्टी दबते आणि तिची खाच तुटते, म्हणून आधी समतल करून घ्या. भिंतीकडेला फट सोडायची असते, कारण खिडकीतून थेट ऊन पडलं की पट्ट्या प्रसरण पावतात. मधली पट्टी बदलायची तर सहसा जवळच्या भिंतीपासून तिथपर्यंतच्या पट्ट्या उलगडत यावं लागतं. एक भाडेकरू गेल्यावर खोली रिकामीच असते, त्यामुळे हे काम तेव्हा फारसं जड जात नाही.

लॅमिनेट म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या छापील पट्ट्या. त्याला ओरखडे कमी पडतात, या बाबतीत ते एसपीसीपेक्षा सरस ठरतं. पण त्याचा गाभा लाकडाच्या दाबलेल्या भुश्श्याचा असतो. वॉशिंग मशिनची नळी गळली किंवा रोज ओल्या फडक्याने पुसलं की सांधे फुगून वर येतात, आणि वाळल्यावरही ते खाली बसत नाहीत. पुसायचं फडकं किती पिळावं हे भाडेकरूला सांगत बसणं शक्य नाही. कोरडी बेडरूम असेल आणि माल एसी४ दर्जाचा असेल (एसी म्हणजे लॅमिनेट किती झीज सोसतं याचं माप) तरच मी हो म्हणेन. खऱ्या लाकडाची फरशी भाड्याच्या घरात घालू नये.

संगमरवराला लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड, काहीही चालत नाही. थेंब पडला तिथली चकाकी जाते. घोटाई करून ती परत आणता येते, पण त्यासाठी सगळं घर मोकळं करावं लागतं. ग्रॅनाइट लिंबाला दाद देत नाही आणि सहसा झिजतही नाही. अडचण एवढीच, की काही वर्षांनी त्याच छटेचा दगड मिळेलच असं नाही.

म्हणून नव्याने काम करायचं असेल आणि घर वर्षानुवर्षं भाड्यानेच द्यायचं असेल, तर फुल बॉडी किंवा डबल चार्ज, मध्यम छटेची, बारीक ठिपक्यांची. जुनी फरशी घट्ट आहे पण कळकट दिसते आणि घर लवकर द्यायचं आहे, तर एसपीसी. दोन्ही बाबतीत जास्तीची एक-दोन खोकी विकत घेऊन माळ्यावर ठेवा, आणि खोक्यावरचा बॅच व शेड नंबर भाडेकराराच्या कागदांसोबत जपून ठेवा. तीच टाइल पुढच्या बॅचमध्ये वेगळ्या छटेची निघते.