सिटीलिंक: नाशिकची किलोमीटरवर चालणारी बससेवा

एसटी महामंडळाने तोट्यामुळे नाशिकमधील शहर फेऱ्या कमी करत आणल्या आणि ८ जुलै २०२१ रोजी महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली. निमाणी ते नाशिकरोड असा नेहमी प्रवास करत असल्यामुळे माझे मत ठाम आहे: बस चांगली आहे आणि तिच्यामागची कराराची पद्धतही योग्य आहे, दुबळा आहे तो वाहकांचा ठेका.

या पद्धतीत बस आणि चालक खासगी ठेकेदारांचे असतात, तिकिटाचे पैसे महापालिकेच्या परिवहन कंपनीकडे जमा होतात आणि ठेकेदाराला गाडी जितकी धावली तितक्या किलोमीटरचे ठरलेल्या दराने पैसे मिळतात. शालिमारला शेअर रिक्षा शेवटची सीट भरेपर्यंत जागची हलत नाही; बस मात्र मागचे बाक रिकामे असतानाही निघते, कारण चालकाच्या मालकाची कमाई प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून नसते. ब्रिटनने दोन्ही वाटा चोखाळल्या. लंडनमध्ये १९८५ पासून एकेका मार्गाच्या निविदा निघू लागल्या, तर लंडनबाहेर १९८६ मध्ये बससेवा खुल्या स्पर्धेवर सोडण्यात आली आणि तोट्याच्या मार्गांसाठी स्थानिक संस्थांना पदरचे पैसे मोजावे लागले. नाशिकने लंडनच्या जवळची वाट धरली, हे माझ्या मते बरेच झाले. तिकिटातून न भरून निघणारी तूट महापालिकेच्या, म्हणजे करदात्यांच्या माथी येते हे खरे, पण शहर बस ही नागरी सोय मानली तर हा खर्च अनाठायी नाही.

तक्रार वाहकांविषयी नव्हे, त्यांच्या नेमणुकीविषयी आहे. वाहक मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदारामार्फत येतात, आणि वेतन थकल्यामुळे त्यांनी एकापेक्षा अधिक वेळा काम बंद ठेवले. अशा वेळी बस, इंधन, चालक सारे सज्ज असूनही गाड्या आगारातच उभ्या राहिल्या. ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे ठेकेदाराकडून काम करून घेणाऱ्या संस्थेवर, टाकली होती. तेव्हा वाहकाच्या खात्यात पगार जमा झाल्याची खात्री पटल्याशिवाय ठेकेदाराचे पुढचे बिल मंजूर होऊ नये, ही अट करारात असावी आणि ती दरमहा पाळली जावी. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी याच वाहकांच्या भरवशावर हलवायची आहे. ही दुरुस्ती त्याआधी व्हायला हवी.