डीबीतला व्होल्टेज प्रोटेक्टर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात बसवलेल्या या प्रोटेक्टरने आता अख्खा पावसाळा आणि ऑक्टोबर हीट पाहिली, तेव्हा लिहायला हरकत नाही. डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीत (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), एमसीबीच्या, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या, रांगेतच बसतो. ६३ अँपिअरचा आहे, समोर व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे दिसतात. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की घराची लाइन तोडतो, ठीक झालं की थोडं थांबून जोडतो.

आमची इमारत गिरगावातली, जुनी. इंडक्शन लावला की त्याच बोर्डावरच्या मिक्सरचा आवाज बसायचा. मजल्यावरच्या सगळ्यांचं एकच मत, ‘वरूनच व्होल्टेज कमी येतंय.’ दुकानदाराचा सल्लाही ठरलेला: स्टॅबिलायझर घ्या.

या वस्तूचा मला सर्वांत मोठा उपयोग झाला तो पुस्तिकेत लिहिलेलाच नाही. हा मीटर डीबीपाशी मोजतो. सोबत प्लगमध्ये खोचायचा एक साधा व्होल्टमीटर आणून ओट्याशेजारच्या बोर्डात लावला. इंडक्शन बंद असताना दोन्हीकडे २३१. चालू केल्यावर, साडेआठ अँपिअरला, डीबीवर २२९ आणि ओट्यापाशी २१७. बाहेरची वीज ठणठणीत होती, बारा व्होल्ट आमच्याच भिंतीत गळत होते. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पंधरा मीटर धरली तर जाऊन-येऊन तिचा रोध साधारण ०.२२ ओहम, म्हणजे एवढ्या करंटला दोनेक व्होल्ट जातील. उरलेले दहा कुठल्यातरी जोडात. दहा गुणिले साडेआठ, ८५ वॅट. जुन्या साठच्या पिवळ्या बल्बापेक्षा जास्त उष्णता, तीही बंद डब्यात.

आणि एमसीबी? तो पडणारच नाही. त्याला करंट जास्त झालेला कळतो, आणि इथे करंट नेहमीचाच होता. आरसीसीबीलाही, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की पडणाऱ्या स्विचलाही, कळत नाही, कारण गळती जमिनीत होत नाही. ढिला जोड या दोघांच्या नजरेतून सुटतो, म्हणून तर तो धोक्याचा.

परवानावाल्या वायरमनने मेन बंद करून बोर्ड उघडला. आत जुनी ॲल्युमिनियमची वायर आणि नंतर कुणीतरी जोडलेली तांब्याची, नुसता पीळ देऊन वर काळी टेप. टेप वितळलेली, वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं, सॉकेटचा न्यूट्रलचा (परतीच्या तारेचा) स्क्रू काळा पडलेला. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस, ती केव्हाच ओलांडली असणार. ॲल्युमिनियमवर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर धरतो, शिवाय दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला होतो. त्यात समुद्राची खारी, दमट हवा. बोर्डातलं प्लास्टिक तापलं की कधीकधी मासळीसारखा वास येतो म्हणतात. गिरगावात रविवारी त्या वासावर कोण संशय घेणार!

डीबीपासून बोर्डापर्यंत सलग नवी तांब्याची वायर ओढली, सॉकेट बदललं. आता त्याच लोडला फरक तीन व्होल्टचा. स्टॅबिलायझर घेतला असता तर तो कमी व्होल्टेज वर चढवायला मागच्या लाइनमधून जास्त करंट खेचत राहिला असता, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. तोच जोड आणखी तापला असता.

डीबीवरचाच आकडा कमी दिसत असेल तर गोष्ट वेगळी. वीजपुरवठा २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४, असायला हवा. आपलं लोड बंद असतानाही आकडा त्याखाली असेल आणि शेजारीही तेच सांगत असतील तर तक्रार करावी. फक्त आपलं लोड लावल्यावर डीबीवर मोठी घसरण होत असेल तर संशय मीटर रूम ते घर या केबलवर. तिथल्या सीलला कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

यंत्राचं मुख्य काम ऑगस्टमध्ये दिसलं. मीटर रूममधला न्यूट्रल ढिला झाला. तीन फेजच्या इमारतीत असं झालं की कुणाकडे व्होल्टेज पडतं, कुणाकडे चढतं, अगदी ४०० च्या आसपासही जाऊ शकतं. आमच्याकडे २६८ दिसले आणि लगेच लाइन तुटली. समोरच्या काकूंकडचा सेट-टॉप बॉक्स आणि दोन एलईडी ट्यूब गेल्या. आमचं काही गेलं नाही.

तक्रारीही आहेत. पावसात वीज नुसती लुकलुकली तरी पुन्हा जोडायला तीन मिनिटं घेतो. फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी ते चांगलंच, पण सासूबाईंची मालिका नेमकी तेव्हाच असते. खालची मर्यादा फार वर ठेवून आलेला, ती १८५ वर आणल्यावर उगाच तोडणं थांबलं. मल्टिमीटरपेक्षा दोन-तीन व्होल्ट जास्त दाखवतो. फरक मोजायचा असल्याने मला चालतं, पण दोन्ही मीटर आधी एकाच ठिकाणी ताडून घ्यावेत. लाल आकडे रात्री डोळ्यात जातात. आणि तापलेला जोड हा स्वतःहून ओळखत नाही, आकडे आपण वाचायचे.

बसवताना याचे स्वतःचे टर्मिनल नीट आवळून घ्या, मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरला लग, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी, लावूनच. पूर्ण घराचा करंट याच्यातून जातो, इथेच स्क्रू ढिला राहिला तर नवा तापणारा जोड विकत घेतल्यासारखं होईल. ज्यांच्याकडे अजून लाकडी बोर्डावर किटकॅट फ्यूज (चिनी मातीचे, तार घालायचे) आहेत त्यांनी आधी ते काढून डीबी बसवावी, हा खर्च त्यानंतर.