स्टुडिओतला सराव की एकांकिकेची तालीम?

नाशिकमध्ये नाट्यशास्त्र शिकणाऱ्यांसमोर दुसऱ्या सत्रात हा पेच हमखास येतो: संध्याकाळ स्टुडिओतल्या सरावाला, म्हणजे आवाज, श्वास, ऐकणं यांच्या व्यायामाला द्यायची की स्पर्धेच्या एकांकिकेला?

आवाजाचं आधी बघा, कारण नुकसान तिथेच होतं. तालमीत दिग्दर्शक "मोठ्याने!" म्हणतो आणि मुलं घशातून ओरडतात, प्रयोगाच्या आठवड्यात आवाज बसतो. स्टुडिओत आधी १५ मिनिटं आडवं पडून पोटापर्यंत श्वास, मग ओठ मिटून गुणगुणणं, मग स्वर, आणि शेवटी वाक्य. मान आणि जबडा ताठ असेल तर पुढची पायरी घेऊच नये. कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द याच तयारीने पोहोचतो.

समोरच्याचं ऐकणं हेही स्टुडिओतच नीट घडतं. अमेरिकन अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइस्नरच्या पुनरुक्तीच्या सरावात दोघं एकच वाक्य परत परत म्हणतात. समोरचा बदलला तरच आपण बदलायचं. तालमीत हालचाली लवकर बसवल्या जातात, म्हणून नट पुढच्या ओळीची वाट बघत उभा राहतो.

पण प्रेक्षक, प्रकाशात जागा धरणं, चूक झाल्यावर प्रसंग सावरणं हे स्टुडिओ शिकवत नाही. ते एकांकिकाच शिकवते.

खर्चाचं म्हणाल तर सरावाला रिकामी खोली आणि सतरंज्या पुरतात. फरशीवर उड्या मात्र नकोत, गुडघे जातात.

पहिल्या वर्षाला, किंवा आवाज वारंवार बसत असेल तर स्टुडिओ. पाया झालाय पण रंगमंचावर गोठता? एकांकिका घ्या, आणि तालमीआधीची २० मिनिटं सरावाची सोडू नका.