नव्या फ्लॅटमधला पहिला स्वयंपाक: इंडक्शन की छोटा सिलिंडर?

14.2 किलोच्या सिलिंडरचं कनेक्शन नावावर होईपर्यंत रांधायचं कशावर? इंडक्शन खोक्यातून काढलं की चहा ठेवता येतो. पण आधी भांडी तपासा. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं तापतं. साधा ॲल्युमिनियमचा कुकर, पितळी पातेलं बाद. आणि 2000 वॉटची शेगडी 6 अँपिअरच्या सॉकेटला अजिबात लावू नका, 16 चाच हवा.

5 किलोचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. गॅस किलोमागे महाग पडतो. तरी माझं मत सिलिंडरलाच. तव्यावरून काढलेली भाकरी आचेवर टम्म फुगते, कडेनं वाफ सुटते. इंडक्शनवर ते होत नाही. शिवाय लाइट गेली तरी पोरांचं दूध तापतं.